आधी छकडा मोजा, मग बैलाला बोला



आज ऊस, पाचट, ठिबक यातलं काही नाही. मागच्या एका फोटोत गोठ्याच्या मागं जो छकडा दिसतो, तो पळतो का म्हणून दोघा-तिघांनी विचारलं होतं. पळतो. पण तो पळता करताना जे कळलं, ते लिहायला मला दोन महिने लागले. लांबलचक झालंय. ज्यांच्या दारात शर्यतीची जोडी आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावं.

हा छकडा आबांनी 2008 साली करून घेतला. बाभळीची चाकं, त्यावर लोखंडी धाव, सव्वा इंची पाईपची चौकट आणि आसापासून जुवापर्यंत नऊ फुटाची दांडी. जू सोडून वजन 55 किलो. त्या वेळी आमच्या भागात हलका छकडा म्हणून लोक बघायला यायचे. काटेवाडी, कण्हेरी, सणसर, लासुर्णे, कुठंही मैदान असलं की आम्ही टेम्पोत छकडा टाकून हजर.

मग 7 मे 2014 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि शर्यती बंद झाल्या. 2017 ला सरकारनं कायदा केला, तर त्यावर हायकोर्टाची स्थगिती आली. 16 डिसेंबर 2021 ला सुप्रीम कोर्टानं परवानगी दिली आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं कायदा कायम केला. तोवर साडेसात वर्षं छकडा शेडच्या मागं पडून होता. कोंबड्या त्यावर बसायच्या. पाईप गंजली, फळी कुजली. चाकं तेवढी आबांनी दरवर्षी तेल पाजून जपली होती.

पुतण्या बारामतीच्या एमआयडीसीत कामाला आहे. त्यानं एक खिलार जोडी घेतली आणि माझ्या मागं लागला. "तात्या, नवा छकडा घेण्यापेक्षा आपलाच नीट करू." म्हणलं करू. पालखी गावातून पुढं गेली, मेंढ्यांचं रिंगण झालं, पावसानं शेतातली कामं थांबली आणि आम्ही छकडा बाहेर काढला.

पहिली चूक पुतण्याच्या मोबाईलनं केली. परदेशात ती चार चाकांची मोटारसायकलसारखी रेसची गाडी असते बघा, वाळूत आणि चिखलात पळवतात. जुनी गाडी घेतात, तिची चाकं बाहेर काढतात, बूड खाली आणतात, शॉकअप बदलतात, चौकटीला जोड देतात. मग ती वळणावर पलटत नाही. हे सगळं त्यानं मला दाखवलं आणि म्हणला, "आपल्या छकड्याला पण पाटे बसवू. बैलाला हिसका बसणार नाही."

ऐकायला बरं वाटलं. भंगारातनं एका जुन्या पिकअपचे पाटे आणले, भवानीनगरच्या वेल्डिंगवाल्याकडनं बसवून घेतले. वजन 22 किलोनं वाढलं. खोडव्याच्या मोकळ्या रानात जोडी जुपली, सावकाश पळवली. छकडा पाळण्यासारखा डोलायला लागला. मागं दबला की जू वर उचलायचं, पुढं दबला की मानेवर आदळायचं. दोनशे पावलं पळाली नसतील, तर डावा बैल मान झाडायला लागला. थांबवलं.

संध्याकाळी विचार केला तेव्हा उमगलं. चार चाकांची गाडी चारही पायांवर स्वतः उभी असते. पाटा दबला तरी ते तिचं तिच्यापाशी. छकडा दोनच चाकांवर असतो आणि त्याचा तिसरा पाय म्हणजे बैलाची मान. छकडा जेवढा पुढंमागं डोलेल तेवढं सगळं त्या मानेवर जातं. दुसऱ्या दिवशी पाटे काढले. त्याऐवजी जुन्या कन्व्हेअर बेल्टच्या रबराचे तुकडे कापले आणि आसाच्या बैठकीखाली दोन-दोन थर घालून बोल्ट आवळले. खडखड निम्मी झाली, डोलणं अजिबात नाही. वजन वाढलं दीड किलो.

मग मी ठरवलं की अंदाजानं काही करायचं नाही. आधी मोजायचं, मग कापायचं.

पहिलं मोजलं मानेवरचं ओझं. ज्यांनी उसाची दोनचाकी ट्रॉली ओढलीय त्यांना हे सांगायला नको. मागं जादा ऊस भरला की ट्रॅक्टरचं बूड उचलतं, पुढं जादा भरला की हुक दबतो. छकड्याचं तसंच. जुवाच्या मधोमध दोर बांधून ताणकाट्याला टांगलं आणि पुतण्याला त्याच्या जागी, म्हणजे आसाच्या 22 इंच पुढं, उभं केलं. काटा 26 किलो दाखवत होता. फळी 14 इंच मागं सरकवून पुन्हा उभं केलं, 18 किलो. माणूस तोच, छकडा तोच, मानेवरचे आठ किलो गेले.

पुतण्या म्हणला, "मग अजून मागं घेऊ, शून्यच करून टाकू." तसं करू नका. फळी आसाच्या मागं गेली की सुटताना हिसक्यानं माणूस मागं जातो, छकडा उलाळ होतो, जू वर उचलतं आणि जुपणी बैलाच्या गळ्याला आवळते. मानेवर थोडं ओझं असलेलं बरं, गळ्याला फास नको. आम्ही 18 वर थांबलो.

मानेच्या ओझ्यावर मोठी माणसंही विचार करतात. 2022 साली इस्लामपूरकडच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मुलांनी ऊसगाडीच्या जुवाखाली टेकूचं एक चाक बसवलं होतं, 'सारथी' नाव दिलं होतं. फोटो तुमच्याही मोबाईलवर आला असेल. शर्यतीत ते चाक चालायचं नाही, पण दोन टनाच्या गाडीत त्या मुलांना जे दिसलं, ते 55 किलोच्या छकड्यात मला सोळा वर्षं दिसलं नव्हतं.

दुसरं मोजलं पलटी. दोन चाकांत 40 इंच अंतर होतं. फळीवर माणसाच्या वजनाची वाळूची पोती बांबूला बांधून उभी केली, दांडी तिवईवर टेकवली आणि एक चाक जॅकनं उचलत गेलो. 18 इंचाला छकडा कलंडला. मग आस लांब करून चाकं तीन-तीन इंच बाहेर काढली, म्हणजे अंतर 46 झालं. फळीखालचे ठोकळे काढून फळी चार इंच खाली घेतली. पुन्हा तेच केलं. आता 25 इंचापर्यंत तग धरला. याहून रुंद केला तर शेजारच्या फाटीतल्या छकड्याला चाक घासायची भीती, म्हणून तिथंच थांबलो. चाकं लहान करायची का, असाही विषय निघाला. लहान चाकानं छकडा अजून खाली येतो हे खरं, पण भुसभुशीत मातीत लहान चाक रुततं आणि ओढ वाढते. बाभळीची चाकं तशीच ठेवली.

तिसरं पाईपची चौकट. गंज घासल्यावर तीन ठिकाणी तडे दिसले. तिन्ही तडे वेल्डिंगवर नव्हते, वेल्डिंगच्या शेजारी बोटभर अंतरावर होते. वेल्डिंगवाला म्हणला, कायम असंच होतं, तापून गार झालेली पाईप तिथंच कमजोर पडते. त्यानं तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडलं म्हणजे तडा पुढं सरकत नाही, मग तडा भरला आणि कोपऱ्यांना त्रिकोणी पट्ट्या मारल्या. चारच पट्ट्या, पण दांडी धरून हलवली की पूर्वी चौकट पिळायची, ती पिळायची बंद झाली.

इथवर सगळं मजेत चाललं होतं. आता खरं सांगायचं ते.

आस लांब करायला सोडवायचा होता. सोडवण्याआधी मी सवयीनं टेप लावला. रानात सारा आखताना किंवा घराचा पाया आखताना आपण कर्ण मोजतो, दोन्ही सारखे आले तर काटकोन. तसंच इथं. जुवाच्या खिळीच्या भोकापासून आसाच्या डाव्या टोकापर्यंत आणि उजव्या टोकापर्यंत. दोन्ही सारखे पाहिजेत. उजवीकडचं माप सव्वा इंच कमी आलं.

पुन्हा मोजलं, पुतण्याकडनं मोजून घेतलं. सव्वा इंचच. म्हणजे आसाचं उजवं टोक पुढं होतं, चाकांचं तोंड जरासं डावीकडं.

सव्वा इंच ऐकायला काही नाही. पण आता बघा. चाकं डावीकडं निघतात, म्हणून छकड्याचं बूड डावीकडं सरकतं. बूड डावीकडं गेलं की दांडी तिरपी होते. दांडी तिरपी झाली की जू पण फिरतं, डावं टोक पुढं आणि उजवं मागं. त्रैराशिक मांडलं. 40 इंचाच्या आसाला सव्वा इंच, तर 60 इंचाच्या जुवाला जवळजवळ दोन इंच. दोन्ही बैल बरोबरीनं पळायला बघतात आणि जू मात्र उजव्याला सतत मागं रेटतं. बघणाऱ्याला वाटतं उजवा बैल मागं राहतोय, अंग चोरतोय.

आमचा उजवा बैल होता हरण्या.

2013 च्या हंगामात हरण्यासारखा बैल आमच्या पट्ट्यात नव्हता, असं मी नाही, दुसरी माणसं म्हणायची. 2014 च्या जानेवारीपासून तो मागं राहायला लागला. खुराक बदलला, डॉक्टरला दाखवलं, देवाला नारळ फोडला. मग सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, बैल चोरटा झाला. त्या चार महिन्यांत आम्ही त्याला काय काय केलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. काठी मारली, शेपटी पिरगाळली, चावलीसुद्धा. आता कायद्यानं हे सगळं बंद आहे. काठी नाही, चाबूक नाही, अंतर हजार मीटरच्या आत, डॉक्टरचा दाखला पाहिजे, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी पाहिजे. काही जण या नियमांवर चिडतात. मी चिडत नाही.

त्या वर्षी चैत्रातल्या एका यात्रेत मीच छकड्यावर होतो. छकडा डावीकडं ओढत गेला, डावं चाक फाटीच्या कडेच्या वरंब्यावर चढलं आणि पलटी झाली. माझा खांदा निखळला. हरण्या गुडघ्यावर घासत गेला. पुढच्याच महिन्यात बंदी आली. पोसायचं कसं आणि कशाला, म्हणून त्याला सांगोल्याच्या बाजारात नेला. वर्षापूर्वी दीड लाखाला मागितलेला बैल बावीस हजाराला गेला. चोरटा बैल म्हणून गावात बोभाटा झालेलाच होता.

टेप हातात धरून मी बराच वेळ तिथंच बसलो. मग स्वतःला म्हणलं, पलटी झाली तेव्हा आस सरकला असेल. आपण उगाच जिवाला लावून घेतोय. पुतण्या पण तेच म्हणला.

म्हणून तेही तपासलं. आसाला दोरी लावून बघितली, आस सरळ होता, कुठं वाकलेला नव्हता. ज्या दोन बैठकांवर तो बसतो त्या पाईपला वेल्डिंगनं डकवलेल्या होत्या. पलटीत बैठक सरकली असती तर वेल्डिंग फाटलं असतं, नाहीतर पाईप पिळली असती. घासून बघितलं. वेल्डिंग अखंड होतं आणि त्यावर पहिला लाल रंग जसाच्या तसा. बैठक डकवतानाच वाकडी डकवली होती.

ट्रंकेतली खतावणी काढली. आबांच्या अक्षरात ओळ सापडली, डिसेंबर 2013, छकड्याचा आस नवा, बेरिंग, वेल्डिंग, 2,350 रुपये.

डिसेंबरला आस बदलला. जानेवारीला हरण्या 'चोरटा' झाला.

वेल्डिंगवाल्याचा यात दोष नाही. मला चांगलं आठवतंय, तो म्हणला होता, नीट धरा. आस धरला होता मी. टेप खिशात होता, पण मैदान दोन दिवसांवर आलं होतं आणि मी नजरेनं बघून म्हणलं, बरोबर आहे, मार टाका.

आबांचं वय 84 आहे. त्यांना सांगावं का नको, याचा दोन दिवस विचार केला. घरातली म्हणली, "सांगा. त्यांचा बैल होता." सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, काठी टेकत शेडपाशी आले आणि पुतण्याला म्हणले, "टेप धर." स्वतः वाकून आकडा बघितला. चष्मा पुसला, दुसऱ्या बाजूचा बघितला. मग म्हणले, "गुंडाळ," आणि ओसरीवर जाऊन बसले.

रात्री जेवताना एवढंच बोलले. "घेणारा माण तालुक्यातला होता. औताला नेतो म्हणला होता." पुढं कुणी काही बोललं नाही. औताला नेला असेल तर बरा ओढला असेल. नांगराला आस नसतो.

नंतर बैठका कापून काढल्या. या वेळी आधी दोन्ही कर्ण जुळवले, चिमट्यानं आवळले, वेल्डिंगचे दोन-दोन थेंब दिले आणि गार झाल्यावर पुन्हा मोजलं. तापल्यामुळं दोन सूत सरकलं होतं. थेंब तोडून परत जुळवलं. तिसऱ्या वेळी दोन्ही माप सारखं आलं, मग पूर्ण वेल्डिंग. वेल्डिंगवाला वैतागला होता, पण चहा पाजला, गप्प बसला.

खरं-खोटं करायला एक सोपी युक्ती आहे. सपाट रस्त्यावर चुन्याची सरळ रेघ मारा. बैल न जुपता दांडीला मधोमध दोर बांधून छकडा रेघेवरनं दोघांनी सावकाश ओढा. दांडीचं टोक रेघेवर ठेवा आणि मागं दोन्ही चाकं रेघेपासून किती अंतरावर आहेत ते बघा. सारखं अंतर असलं तर छकडा सरळ. एका अंगाला सरकत असला तर खोट आसात आहे. पाच मिनिटांचं काम, खर्च एक किलो चुना.

यंदा पहिलं मैदान पळालो. फळीवर पुतण्या होता, मी दोरीच्या बाहेर. गटात तिसरे आलो, म्हणजे पुढं गेलो नाही. समोरच्या जोड्या आमच्यापेक्षा चांगल्या होत्या, उगाच कशाला कारणं सांगू. पण मी निकालाकडं बघतच नव्हतो. मी जू बघत होतो. सुटल्यापासून झेंड्यापर्यंत जू आडवं सरळ होतं, दोन्ही माना एका रेघेत. एके ठिकाणी डावं चाक ढेकळावर चढलं, छकडा उचलला आणि परत बसला. 40 इंचात तो बसला नसता.

परत आल्यावर उजव्या बैलाची मान हातानं चाचपली. गरम नव्हती, कातडं सोललेलं नव्हतं. आबा ओसरीवरनं बघत होते. त्यांनी लांबूनच विचारलं, "उजवा कसाय?"

"बरोबरीनं पळाला," म्हणलं.

त्यांनी मान हलवली आणि तंबाखूची डबी उघडली.

मंडळी, शर्यती असाव्या का नसाव्या यावर इथं भांडण नको, कोर्टात ते पुष्कळ झालंय. मी एवढंच म्हणतो. बैल मागं राहतोय, एका अंगाला ओढतोय, मान झाडतोय असं दिसलं, तर खुराक आणि डॉक्टर बघाच, पण त्याआधी टेप घ्या. दांडीच्या टोकापासून आसाच्या दोन्ही टोकांपर्यंत मोजा. जुवाचं वजन काट्यावर बघा. चाक हातानं फिरवून बेरिंगचा आवाज ऐका. छकड्याला आवाज असतो. बैलाला आपली बाजू सांगता येत नाही, तो फक्त मागं राहतो.

औताच्या आणि उसाच्या गाडीलाही हेच लागू आहे. तिथं तर ओझं दहा-वीस पट.

उद्यापासून पुन्हा उसावर लिहितो. कालव्याचं आवर्तन सुटायचंय आणि खोडव्याचं पाचट अजून कुजवायचं राहिलंय.

रामराम.